अ.पा.क.

मी बेलिफ. सव्वीस वर्षं समन्स वाटतोय.
बावड्याच्या कोर्टातून निघायचं, पिशवीत कागद,
डब्यात झुणका-भाकरी,
आणि ज्याचं नाव त्याच्या हातात त्याचा कागद.
हातात नाही घेतला तर दारावर.
दोन पंच, डिंक, परत.

नेहमी माणसंच असतात असं नाही.
कारखान्याला दिलाय, बँकेला दिलाय,
एका दूध संस्थेला तर वार्षिक सभेत,
टाळ्या चालू असताना.
एकदा पन्हाळ्याच्या वाटेवर एका देवाला.
सातबाऱ्यावर नाव त्याचं, साडेचार एकर, ऊस उभा.
चप्पल काढून गाभाऱ्याशी गेलो,
नाव पुकारलं तीनदा.
गुरव आतून म्हणाला, साहेब, देव अज्ञान हाय, सही मी करतो.
खरंच तसं लिहिलेलं : अज्ञान, अ.पा.क. गुरव.
अज्ञान पालनकर्ता.
कायद्यात देव कधी वयात येत नाही.
मी हसलो नाही. सही घेतली, घंटा वाजवली, एसटी धरली.

आज शिरोलीला. मगदूमांची फाउंड्री, गेट नंबर दोन.
प्रतिवादी क्रमांक तीन :
साचेविभाग चालवणारी स्वयंनिर्णयी प्रणाली,
राहणार वरीलप्रमाणे.
वय, याच्यापुढं शिंत्रे वकिलांनी रेघ मारलीय.
धंदा, याच्यापुढं मात्र लिहिलंय : ओतकाम.

वादी यासीन नदाफ. सदर बाजारचा, डावखुरा.
हात आत असताना साचा मिटला.
तीन बोटं आणि अंगठा.
वकीलपत्रावर उजवा अंगठा उमटवला त्यानं,
तर क्लार्क म्हणाला, हरकत आहे,
पुरुषाचा डावा लागतो.
यासीननं डावा काढून टेबलावर ठेवला,
होता तेवढा.
क्लार्कनं खाली बघून शिक्का मारला.

मगदूम म्हणतात, मी बटण दाबलं नाही.
पुण्याची कंपनी म्हणते, आम्ही शिकवलं फक्त,
ठरवलं तिचं तिनं.
आईबापांनी हात वर केले तेव्हा शिंत्रे म्हणाले,
मग घाला लेकीलाच.

खोली गार. एक कपाट, एक निळा दिवा.
सवयीनं चप्पल काढली, मग परत घातली.
नाव पुकारलं तीनदा.
भिंतीतून आवाज आला, शुद्ध, शाळामास्तरासारखा :
समन्स मिळालं. तारीख नोंदवली.
सही?
सहीची सोय नाही.

आता अहवालात काय लिहू?
इसम मिळून आला? घेण्यास नकार?
नकार तर नव्हता.

वॉचमन पंच म्हणून उभा, त्यानंच विचारलं,
हिला कायद्यानं माणूस करणार काय?
केलं तर करोत, मी म्हटलं, माझं काम पोचवायचं.
पण डोकं चालू झालं.
हुकूमनामा झाला तर जप्ती कशाची?
कपाट मगदूमांचं, वीज मगदूमांची,
अक्कल पुण्याची, भाड्यानं.
कळंबा जेलात ठेवायची तर नक्की काय ठेवायचं?
आणि ही माणूस ठरली की ते दोघं घरी जेवायला मोकळे,
यासीननं भरपाई मागायची तिच्याकडं
जिला खिसाच नाही.
देवाकडं निदान साडेचार एकर होती.

निघताना राहवलं नाही, विचारलं,
बाई, तुमचा अ.पा.क. कोण?
पहिल्यांदाच ती थांबली. दिवा निळाच.
चहावाला पोरगा, दुसरा पंच, कप धरून तसाच उभा.
मग म्हणाली,
ही माहिती माझ्याकडे उपलब्ध नाही.

लिहिलं मग तसंच :
प्रतिवादी क्र. ३, अज्ञान.
अ.पा.क.
याच्यापुढं मीही रेघ मारली,
आणि कागद कपाटावर चिकटवला
चारी कोपऱ्यांना डिंक लावून,
नेहमी दोनच लावतो.